बँकिंगमधून प्रायव्हेट इक्विटीकडे: तयारीच्या नोंदी

6 जानेवारी: सुरुवातीची स्थिती

इन्व्हेस्टमेंट बँकेच्या विलीनीकरण व अधिग्रहण विभागातली नोकरी चालू ठेवून प्रायव्हेट इक्विटी फंडात (गुंतवणूकदारांच्या पैशाने कंपन्या विकत घेऊन काही वर्षांनी विकणाऱ्या संस्थेत) असोसिएट या कनिष्ठ पदावर जाण्याची तयारी आजपासून रीतसर सुरू करत आहे. या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांना तयार प्रश्नोत्तरांच्या याद्या भरपूर मिळतात, पण नोकरी सांभाळून अभ्यास करताना वेळ कुठे वाया जातो आणि कोणते काम आधी हाती घ्यायला हवे, हे सहसा कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून या नोंदी. वाट तशी जुनी आहे. 1976 मध्ये केकेआर ही प्रायव्हेट इक्विटी संस्था स्थापन करणारे जेरोम कोलबर्ग, हेन्री क्राव्हिस आणि जॉर्ज रॉबर्ट्स हे तिघेही बेअर स्टर्न्स या बँकेतून बाहेर पडले होते, आणि 1985 मध्ये ब्लॅकस्टोन ही तशीच संस्था सुरू करणाऱ्या पीट पीटरसन व स्टीफन श्वार्झमन यांची घडण लेहमन ब्रदर्समध्ये झाली होती.

हाताशी काय आहे ते आधी मांडते. एक्सेलवर हात बसलेला आहे, मूल्यांकनाच्या नेहमीच्या पद्धती येतात, विक्रीची प्रक्रिया पहिल्या पत्रापासून करारावरील सहीपर्यंत पाहिलेली आहे आणि विक्रेत्याच्या बाजूने इन्फर्मेशन मेमोरँडम (खरेदीदारांना दाखवायची कंपनीची माहितीपुस्तिका) लिहिण्याचा सराव आहे. समोर आलेली कंपनी स्वतः विकत घ्यावी की नाही, याबद्दल मत बनवण्याची सवय मात्र नाही, कारण बँकेत ते मत कुणी विचारत नाही. डील पूर्ण झाले की आमचे काम संपते. फंडाचे काम तिथून पुढे चार-पाच वर्षे चालते.

रात्रीचा वेळ बँकेत स्वतःचा नसतो, म्हणून अभ्यास सकाळी कामावर जाण्यापूर्वी आणि सुटीच्या दिवशी एक लांब बैठक, असे ठरवले आहे.

19 जानेवारी: तयार टेम्पलेट बाजूला ठेवले

एलबीओचे, म्हणजे मोठे कर्ज काढून कंपनी विकत घेण्याच्या व्यवहाराचे, मॉडेल शिकण्यासाठी एक मोठा ऑनलाइन अभ्यासक्रम विकत घेतला होता. त्यासोबत आलेल्या टेम्पलेटमध्ये कर्जाचे सहा थर, व्यवस्थापनाच्या शेअर पर्यायांचा हिशेब आणि परताव्याचे अनेक तक्ते आधीच बांधून ठेवलेले होते. आकडे भरले की उत्तर येत होते, परंतु ते उत्तर का आले हे पेन घेऊन कुणाला समजावून सांगायची वेळ आली असती तर ते जमले नसते. या टेम्पलेटमध्ये दोन आठवड्यांच्या सकाळी गेल्या आणि फीचे पैसेही गेले. त्यातले कर्ज करारांवरचे प्रकरण तेवढे उपयोगी पडले.

आज कोरी शीट उघडून मॉडेल पहिल्या ओळीपासून बांधायला घेतले. पहिली अडचण व्याजाची आली. व्याज वर्षाच्या सरासरी कर्जावर काढले, तर व्याजावर रोख अवलंबून, रोखीवर परतफेड अवलंबून आणि परतफेडीवर पुन्हा व्याज अवलंबून, असे चक्र तयार होते. एक्सेलमधली इटरेटिव्ह (पुन्हापुन्हा होणारी) गणना चालू करून ते चालवता येते, पण एखाद्या सेलमध्ये चूक शिरली की ती सगळ्या शीटभर पसरते आणि मूळ चूक दुरुस्त केल्यानंतरही जात नाही. मी व्याज वर्षाच्या सुरुवातीच्या शिलकीवर काढायचे ठरवले. उत्तरात पडणारा फरक किरकोळ असतो आणि मॉडेल अर्ध्या वेळात उभे राहते. सरासरीवरचे व्याज हवेच असेल, तर चक्र तोडणारा एक स्विच सुरुवातीलाच बसवावा.

2 फेब्रुवारी: कागदावरचा एलबीओ

मुलाखतीत पुष्कळदा लॅपटॉप न देता कागद-पेन पुढे केले जाते. त्याचा सराव करताना मांडलेले एक उदाहरण इथे पूर्ण देते, कारण या एका कागदाने मला संपूर्ण टेम्पलेटपेक्षा जास्त शिकवले.

कंपनीचा एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा) 100 आहे आणि तिची किंमत त्याच्या 10 पट, म्हणजे 1000. त्यात कर्ज एबिटडाच्या 5 पट, म्हणजे 500, आणि उरलेले 500 फंडाचे स्वभांडवल. व्याजदर 8 टक्के, घसारा 20, भांडवली खर्च 25, खेळत्या भांडवलात (मालसाठा आणि येणी यांत अडकणाऱ्या पैशात) दर वर्षी 5 ची भर, कर 25 टक्के आणि एबिटडाची वाढ दर वर्षी 5 टक्के. व्यवहाराचा खर्च सोयीसाठी सोडून दिला आहे.

पहिल्या वर्षी एबिटडा 105 होतो. त्यातून घसारा 20 आणि व्याज 40 वजा केले की करपूर्व नफा 45, कर 11.25, निव्वळ नफा 33.75. त्यात घसारा परत मिळवून भांडवली खर्च आणि खेळते भांडवल वजा केले की कर्ज फेडायला 23.75 उरतात. विक्रीच्या सादरीकरणांत एबिटडा हीच जणू रोख आहे असे लिहिण्याची सवय लागलेल्या माणसाने हा आकडा स्वतःच्या हाताने एकदा काढून पाहावा. एबिटडाच्या चौथ्या हिश्शापेक्षाही कमी रक्कम कर्जाकडे जाते.

अशी पाच वर्षे चालवली की एबिटडा सुमारे 127.6 होतो आणि कर्ज सुमारे 322 पर्यंत उतरते. विक्रीही 10 पटीनेच झाली, तर मूल्य 1276, त्यातून कर्ज गेले की स्वभांडवल 954. म्हणजे पैसे 1.9 पट झाले आणि आयआरआर, म्हणजे गुंतवणुकीवरचा वार्षिक चक्रवाढ परतावा, 14 टक्क्यांच्या आसपास आला. झालेल्या 454 च्या लाभापैकी 276 एबिटडा वाढल्यामुळे आणि 178 कर्ज उतरल्यामुळे मिळाले. विक्री 9 पटीने करावी लागली, तर आयआरआर साडेदहा टक्क्यांच्या जवळ येतो. 20 टक्के हवे असतील, तर याच कंपनीला विक्रीच्या वेळी 12 पटींहून जास्त भाव मिळाला पाहिजे, आणि तसे गृहीत धरणे म्हणजे पुढच्या खरेदीदाराच्या उदारपणावर पैसे लावणे होय.

मग मी खरेदीची किंमत 8.5 पट केली आणि कर्ज तेवढेच ठेवले. स्वभांडवल 350 झाले, पण विक्रीही 8.5 पटीनेच धरल्यावर आयआरआर जेमतेम 17 टक्के आला. सरळ, स्थिर, 5 टक्क्यांनी वाढणारा धंदा स्वस्तात मिळाला तरी परताव्याचे गणित आपोआप जुळत नाही. धंद्यात काहीतरी बदलावे लागते. हे मी अनेकदा वाचले होते, पण पटले ते हा कागद भरल्यावर.

पाठ असावेत असे आकडे थोडेच आहेत. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे 15 टक्के, अडीचपट म्हणजे 20 टक्के, तिप्पट म्हणजे 25 टक्के, आणि तीन वर्षांत दुप्पट म्हणजे 26 टक्के. बाकी सगळे यांच्या आधाराने अंदाजाने सांगता येते.

11 फेब्रुवारी: एका चिन्हाची किंमत

वरचेच उदाहरण एक्सेलमध्ये चढवले, तेव्हा आयआरआर 15 टक्क्यांच्या थोडा वर आला. कागदावरचे उत्तर आणि हे उत्तर जुळेना. एक पूर्ण सकाळ शोधण्यात गेली. खेळत्या भांडवलातली वाढ वजा होण्याऐवजी मिळवली जात होती. दर वर्षी 10 चा फरक आणि त्यावर वाचलेले व्याज, मिळून पाच वर्षांत पन्नासहून अधिक रक्कम हवेतून आली होती. या छोट्या मॉडेलमध्ये ताळेबंद नसल्यामुळे न जुळण्याची खूण कुठेही दिसली नाही, आणि उत्तर चुकलेले असूनही शहाण्यासारखे दिसत राहिले. आता मॉडेल कितीही छोटे असले तरी मालसाठा, येणी आणि देणी वेगवेगळ्या ओळींत मांडते आणि शेजारी शब्दांत लिहिते: येणी वाढली, रोख घटली.

24 फेब्रुवारी: स्वतःची डील्स उलट्या बाजूने वाचणे

या कामाला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि ते पहिल्याच आठवड्यात सुरू करायला हवे होते. बायोडेटावर लिहिलेल्या प्रत्येक डीलसाठी एक पान घेतले आणि वर एकच प्रश्न लिहिला: हे मी विकत घेतले असते का, आणि कोणत्या किमतीला?

पहिल्या पानावर काहीच सुचले नाही. लिहिलेली प्रत्येक ओळ आम्हीच तयार केलेल्या मेमोरँडममधली निघाली: बाजारात आघाडीचे स्थान, विविध ग्राहक, अनुभवी व्यवस्थापन. ही वाक्ये विक्रेत्याची आहेत. ती खोडून मी मेमोरँडममध्ये काय नव्हते, याची यादी करायला बसले. खरेदीदारांनी ड्यू डिलिजन्सच्या (खरेदीपूर्व तपासणीच्या) काळात विचारलेले प्रश्न आठवले आणि तिथून धागा मिळाला. एक खरेदीदार मध्येच का थांबला, दुसऱ्याने किंमत का उतरवली, कर्ज देणाऱ्यांनी कोणत्या आकड्यावर बोट ठेवले, हे सगळे मी प्रत्यक्ष पाहिले होते, पण तेव्हा ते अडथळे म्हणून पाहिले होते. गुंतवणूकदाराचे म्हणणे त्या अडथळ्यांतच होते.

समायोजित एबिटडाचे उदाहरण देते. आकडे बदलले आहेत, तत्त्व तेच आहे. मेमोरँडममध्ये एबिटडा 100 दाखवला आहे, पण त्यातले 15 ‘एकदाच झालेले’ खर्च परत मिळवून आलेले आहेत: पुनर्रचना, सल्लागारांची फी, बंद केलेल्या शाखेचा तोटा. मागच्या वर्षीही असेच एकदाच झालेले खर्च होते आणि त्याच्या आधीच्या वर्षीही. जे दर वर्षी एकदा होते, ते त्या धंद्याचा नेहमीचा खर्च आहे. ते 15 काढले की एबिटडा 85 उरतो, 10 पटींची किंमत प्रत्यक्षात जवळजवळ 11.8 पट होते आणि 5 पट वाटणारे कर्ज 5.9 पट ठरते. कर्ज फेडायला उरणारी रक्कम आधीच किती तुटपुंजी असते ते 2 फेब्रुवारीच्या कागदावर आहे; तिथून हे 15, त्यावर वाचणारा कर धरून, वजा करून पाहावेत.

गोपनीयतेबद्दल स्पष्ट लिहिते. ही पाने मी आठवणीतून स्वतःच्या वहीत, नावे आणि खरे आकडे न घालता लिहिली आहेत. बँकेची एकही फाइल घरच्या ईमेलवर पाठवलेली नाही आणि कुणी पाठवूही नये. मुलाखतीत जाहीर झालेल्या डीलचे फक्त जाहीर आकडे सांगावेत, आणि चालू डीलबद्दल क्षेत्र आणि स्वतःची भूमिका यापलीकडे बोलू नये. समोरची मंडळी हेही पाहत असतात, कारण उद्या त्यांचीच माहिती आपल्या हातात असणार असते.

8 मार्च: बायोडेटा

एका पानाचा नवा बायोडेटा तयार झाला. डीलचा आकार आणि प्रक्रियेची वर्णने कमी केली आणि प्रत्येक डीलखाली आपण काय तपासले व त्यामुळे काय बदलले, हे एका ओळीत लिहिले. ‘आर्थिक मॉडेल तयार केले’ या ओळीच्या जागी ‘ग्राहकनिहाय नफा वेगळा काढला, त्यावरून वाढीचा अंदाज खाली आणला’ अशी ओळ आली.

15 मार्च: हेडहंटर

मोठ्या फंडांचे दरवाजे बहुतेक हेडहंटरमार्फतच (फंडांसाठी उमेदवार शोधणाऱ्या सल्लागारांमार्फत) उघडतात. पहिल्या भेटीत मला विचारले गेले की कोणत्या प्रकारचा फंड हवा आहे, आणि मी म्हणाले की चांगली टीम असेल तर काहीही चालेल. नम्रपणा म्हणून दिलेले हे उत्तर त्यांच्या दृष्टीने निरुपयोगी होते. काहीही चालणारा उमेदवार कोणत्याच जागेसाठी पहिला आठवत नाही, आणि तिथून पुढे फोन आला नाही.

पुढच्या भेटीपूर्वी तीन गोष्टी ठरवून गेले: मध्यम आकाराच्या कंपन्यांचे बायआउट (ताबा मिळेल एवढा हिस्सा विकत घेणे), औद्योगिक आणि व्यावसायिक सेवा हे क्षेत्र, आणि गुंतवणुकीनंतर कंपनीच्या कामात भाग घेणारा फंड. प्रत्येकामागे स्वतःच्या कामातले एक कारण सांगितले. ग्रोथ इक्विटी (वेगाने वाढणाऱ्या कंपन्यांत गुंतवणूक) का नको, हेही विचारले गेले. तिथे कर्जाचा वापर कमी, बहुधा अल्पहिस्सा आणि परताव्याचा भार जवळजवळ सगळा वाढीवर असतो. मला नियंत्रण घेऊन केलेली गुंतवणूक शिकायची आहे, असे उत्तर दिले. आपल्या बाजारातली भरती कशी चालते, हेही याच भेटीत विचारून घ्यावे. न्यूयॉर्कमधले मोठे फंड ठरावीक हंगामात, जागा प्रत्यक्ष भरण्याच्या बऱ्याच आधी निवड करतात, तर इतरत्र जागा रिकामी होईल तशी भरली जाते. दुसऱ्या प्रकारात सतत तयार राहावे लागते, कारण फोन आला की आठवड्याभरात परीक्षा असते.

30 मार्च: जुन्या डील्सचा अभ्यास

आवडती डील कोणती, या प्रश्नासाठी एखादे गाजलेले यश पाठ करून जाणे पुरेसे वाटत होते. सरावात मित्राने दोन प्रश्न विचारताच ते कोसळले. म्हणून यशाबरोबर अपयशही घेतले आणि प्रत्येकात कर्ज, किंमत आणि धंदा यांपैकी काय मोडले किंवा टिकले, एवढेच शोधले.

टीएक्सयू ही अमेरिकेतली वीज कंपनी 2007 मध्ये केकेआर, टीपीजी आणि गोल्डमन सॅक्स यांनी कर्जासह सुमारे 45 अब्ज डॉलरला घेतली. कंपनीची कमाई नैसर्गिक वायूच्या भावाशी बांधलेली होती, कारण तिच्या बाजारात विजेचा दर त्या भावामागे चालत असे. शेल वायूचे (शेल खडकातून काढलेल्या नैसर्गिक वायूचे) उत्पादन वाढले, भाव कोसळला आणि 2014 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. माझ्या दृष्टीने हे व्यवस्थापनाचे अपयश कमी आणि रचनेचे जास्त आहे: फंडाच्या हातात नसलेल्या एका भावावर एवढे कर्ज उभे केले होते. टॉइज आर अस ही खेळण्यांच्या दुकानांची साखळी 2005 मध्ये सुमारे 6.6 अब्ज डॉलरला घेतली गेली आणि 2017 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथे दर वर्षीच्या व्याजाने दुकाने आणि ऑनलाइन विक्री यांसाठी लागणारा पैसा खाल्ला, आणि स्पर्धक तर नेमका तिथेच पैसा ओतत होते.

हिल्टन या हॉटेल कंपनीचे उदाहरण मला सर्वांत उपयोगी वाटले. ब्लॅकस्टोनने ती 2007 मध्ये, म्हणजे मंदीच्या तोंडावर, सुमारे 26 अब्ज डॉलरला घेतली. प्रवास घटला आणि गुंतवणुकीचे मूल्य कागदावर पार खाली आले. पण 2010 मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली, फंडाने आणखी स्वभांडवल घातले आणि स्वतःच्या इमारतींऐवजी फ्रँचायझी व व्यवस्थापन करारांवर वाढ चालू राहिली. 2013 मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली आणि 2018 मध्ये ब्लॅकस्टोनने शेवटचा हिस्सा विकला. खरेदीची वेळ वाईट असूनही डील टिकली, ती कर्जाच्या सैल अटींमुळे मिळालेल्या वेळेमुळे आणि कमी भांडवलात वाढू शकणाऱ्या धंद्यामुळे. तेव्हापासून कोणतेही उदाहरण वाचताना कर्जाची मुदत आणि कोव्हेनंट (कर्ज करारातल्या पाळायच्या अटी) मी किमतीच्याही आधी पाहते.

13 एप्रिल: पहिली मुलाखत

नकार आला. तांत्रिक प्रश्न चांगले गेले होते. नंतर फंडातल्या प्रिन्सिपलने (वरिष्ठ अधिकाऱ्याने) बायोडेटावरची एक डील निवडून विचारले की कंपनी चांगली आहे म्हणता, तर मग तुमच्या मते यात पैसे कसे बुडतील? मी स्पर्धा, मंदी आणि कच्च्या मालाचे भाव अशी तीन उत्तरे दिली. ते म्हणाले की हे कुठल्याही कंपनीबद्दल म्हणता येईल. या कंपनीबद्दल सांगा. पुढची काही मिनिटे मी तेच वेगळ्या शब्दांत सांगत राहिले.

घरी येऊन फेब्रुवारीत लिहिलेली पाने काढली. धोके लिहिलेले होते, पण एकाही धोक्यापुढे आकडा नव्हता. आता प्रत्येक धोक्यापुढे तीन गोष्टी लिहिते: तो खरा ठरला तर एबिटडा किती घटेल, त्या एबिटडावर व्याज झेपेल का, आणि हे घडत असल्याची पहिली खूण कोणत्या आकड्यात दिसेल.

27 एप्रिल: गुंतवणुकीचा मेमो

वरची दुरुस्ती पक्की करण्यासाठी खाद्यपदार्थांच्या उत्पादकांना प्लास्टिक पॅकेजिंग पुरवणारी एक सूचीबद्ध कंपनी घेतली आणि केवळ तिच्या वार्षिक अहवालांवरून चार पानांचा मेमो लिहिला. तुलना एका वर्षाची न करता पाच वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून, आणि सुरुवात अध्यक्षांच्या निवेदनाऐवजी हिशेबांच्या टिपांपासून केली.

नफ्याचे प्रमाण वर्षागणिक का हलते हे आधी कळेना. मग करारांचे वर्णन वाचताना दिसले की रेझिनचे (प्लास्टिकच्या कच्च्या मालाचे) भाव वाढले तर ते ग्राहकाकडून वसूल करता येतात, पण काही महिन्यांच्या अंतराने. भाव चढत असताना नफा दबतो आणि उतरत असताना फुगतो. शेवटचे वर्ष भाव उतरण्याचे होते. त्या वर्षीच्या एबिटडावर 10 पट देणे म्हणजे फुगलेल्या आकड्याला 10 पट देणे, म्हणून मी पूर्ण चक्राची सरासरी धरली आणि किंमत तिथेच खाली आली. ग्राहकांबद्दलची माहिती विभागवार टिपेत सापडली. आयएफआरएस 8 या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकानुसार महसुलाचा 10 टक्के किंवा त्याहून मोठा वाटा असलेला ग्राहक असेल, तर ते नाव न देता का होईना, सांगावे लागते. येण्यांच्या टिपेत आणखी एक गोष्ट होती. कंपनी काही येणी बँकेला विकून लवकर पैसे घेत होती, आणि ती रक्कम दर वर्षी वाढत होती. खेळते भांडवल सुधारल्यासारखे दिसत होते ते एवढ्यामुळेच. ती रक्कम मी कर्जात मिळवली. ही टीप सापडली तेव्हा मनापासून आनंद झाला, कारण विक्रीच्या बाजूने काम करताना मी ती नक्कीच ओलांडून गेले असते.

मेमोच्या पहिल्या मसुद्यात शिफारस शेवटच्या पानावर होती. ती पहिल्या परिच्छेदात आणली: या किमतीला घेऊ नये; अमुक किमतीला, येण्यांची विक्री कर्ज धरून आणि सर्वांत मोठ्या ग्राहकाच्या कराराची मुदत पाहून घ्यावी. तपासणीची यादीही गाळली. ज्या प्रश्नाच्या उत्तराने निर्णय बदलणार नाही, त्यावर सल्लागाराचे पैसे खर्च करण्यात अर्थ नाही.

10 मे: वेळ लावून केलेली परीक्षा

तीन तासांची मॉडेलिंग परीक्षा झाली आणि मॉडेल अपुरे राहिले. कर्जाचे तीन थर आणि कॅश स्वीप (उरलेली रोख आपोआप कर्जफेडीला लावणे) अचूक बांधण्यात बहुतेक वेळ गेला. परताव्याचा तक्ता घाईत झाला आणि शिफारशीची अर्धी बाजू कोरीच राहिली. पुढे बोलावणे आले नाही.

आता क्रम बदलला आहे. आधी पैसे कुठून आले आणि कुठे गेले याचा तक्ता, मग एबिटडापर्यंतचे अंदाज, मग रोख प्रवाह, एकच कर्ज आणि लगेच आयआरआर. पहिल्या तासाच्या आत परतावा दिसला पाहिजे, मग तो ढोबळ असला तरी चालेल. फाइल जतन करून दुसऱ्या प्रतीत कर्जाचे थर वेगळे करायचे, किमान रोख शिल्लक घालायची, विक्रीची पट आणि वाढ यांचा संवेदनशीलता तक्ता (ती बदलली तर परतावा किती बदलतो ते दाखवणारा) करायचा. शेवटची तीस मिनिटे फक्त लिहिण्यासाठी. याच क्रमाने सराव करून दिलेली पुढची परीक्षा पार पडली, आणि तिथल्या चर्चेत मॉडेलबद्दल जेमतेम दोन प्रश्न आले. बाकी सगळा वेळ शिफारशीवर गेला.

24 मे: फंडाला विचारायचे प्रश्न

मुलाखतीच्या शेवटी आपल्यालाही प्रश्न विचारायची संधी असते, आणि तिथे संस्कृती कशी आहे असे विचारून काही हाती लागत नाही. फंडाची मुदत साधारण 10 वर्षांची असते आणि नवी गुंतवणूक बहुधा पहिल्या 5 वर्षांत होते. म्हणून मी आता विचारते की चालू फंडातला किती पैसा गुंतवून झाला आहे, पुढचा फंड कधी उभारणार, आणि आधीच्या फंडातून गुंतवणूकदारांना प्रत्यक्ष किती रोख परत गेली. कागदावरचे मूल्य आणि परत गेलेली रोख यांत मोठी दरी असेल, तर पुढचा फंड उभारणे जड जाते, आणि फंड उभा राहिला नाही तर नव्या असोसिएटला शिकायला डीलच उरत नाहीत. असोसिएट गुंतवणूक समितीसमोर बोलतो का, आणि डीलनंतर कंपनीच्या बैठकांना बसतो का, हे दोन प्रश्नही ठेवले आहेत.

9 जून: नियुक्तीपत्र

एका मध्यम आकाराच्या फंडाने नियुक्तीपत्र दिले आहे. सही करण्यापूर्वी ते रोजगार करारांचे काम करणाऱ्या वकिलाकडून वाचून घेतले. तो खर्च या संपूर्ण तयारीत सर्वांत सार्थकी लागला.

पगाराच्या आकड्याइतकेच लक्ष कॅरीच्या कलमांवर द्यावे लागते. नेहमीच्या रचनेत फंड वर्षाला सुमारे 2 टक्के व्यवस्थापन फी घेतो आणि गुंतवणूकदारांना ठरलेला किमान परतावा, बहुधा 8 टक्के, मिळाल्यानंतर नफ्याचा 20 टक्के हिस्सा घेतो. तो हिस्सा म्हणजे कॅरी. पत्रात कॅरीचे टक्के लिहिले असतील, तर ते त्या 20 टक्क्यांच्या वाटणीतले की एकूण नफ्यातले, हे लेखी विचारावे, कारण उत्तरात पाचपटीचा फरक पडतो. ते किती वर्षांत हक्काचे होतात, स्वतःहून नोकरी सोडली तर काय उरते, आणि सहगुंतवणुकीसाठी स्वतःचे पैसे घालावे लागतात का, हेही पाहिले. असोसिएटला कॅरी न देणारे फंड पुष्कळ आहेत. तिथे पुढच्या पदावर ती कधी मिळते, एवढे तरी विचारून ठेवावे.

रुजू होण्याच्या तारखेवर थोडी ओढाताण झाली. बँकेचा वार्षिक बोनस खात्यात जमा होण्याआधी राजीनामा दिला, तर तो पूर्ण बुडतो. फंड थांबायला तयार नव्हता. शेवटी त्यातला काही भाग त्यांनी रुजू होतानाच्या रकमेत भरून दिला आणि उरलेला मी सोडला. तयारीचा सर्वांत मोठा खर्च हाच निघाला. शक्य असेल तर मुलाखतींचे वेळापत्रक बोनसच्या तारखेकडे बघून मागे-पुढे करावे.

20 जून: राजीनाम्यानंतर

राजीनामा दिला. नोटिशीच्या काळात चालू असलेली दोन कामे सहकाऱ्यांना लेखी टिपणांसह सोपवत आहे, कारण फंड संदर्भ तपासताना अधिकृत नावांपलीकडेही विचारणा करतात आणि निघतानाची वागणूक या छोट्या क्षेत्रात लक्षात राहते. नवा फंड एखाद्या डीलमध्ये बँकेच्या समोर बसला असेल, तर त्या कामातून आपणहून बाहेर पडावे आणि अनुपालन विभागाला तसे कळवावे. मी एका बाबतीत तसे केले आहे. बँकेचा लॅपटॉप आहे तसा परत जाईल. जानेवारीपासून बांधलेली मॉडेल्स आणि मेमो स्वतःच्या यंत्रावर, जाहीर माहितीवरून केलेले असल्यामुळे तेवढेच सोबत येत आहेत. फंडाने त्यांच्या कंपन्यांचे जाहीर हिशेब वाचायला सांगितले आहेत, आणि त्यातल्या पहिल्या कंपनीच्या येण्यांच्या टिपेपासून मी सुरुवात केली आहे.